‘सौजन्य : गूगल’ ही परवानगी नव्हे

समाजमाध्यमांवरील छायाचित्रांच्या उचलेगिरीविषयीचा रविवार पुरवणीतील लेख वाचला. ‘छायाचित्रकाराचे नाव दिले की भागते’ हे त्यातील मत मात्र पटले नाही. श्रेय देणे वेगळे, परवानगी घेणे वेगळे. १९५७ च्या कॉपीराइट कायद्यानुसार छायाचित्र काढले की त्यावर हक्क निर्माण होतो. नोंदणीची सक्ती नाही. २०१२ च्या दुरुस्तीनंतर तर तो छायाचित्रकाराच्या मृत्यूनंतरही ६० वर्षे टिकतो. समीक्षा, वृत्तांकन, खासगी अभ्यास यांसाठी सवलत आहे. सहलीची जाहिरात त्यात बसत नाही.

हे मुद्दाम लिहितो, कारण राजगडाच्या सुवेळा माचीवर, नेढ्यात (खडकाला पडलेल्या आरपार भोकात) बसून टिपलेला माझा सूर्योदय मध्यंतरी एका ट्रेकिंग संस्थेच्या जाहिरातीत दिसला. कोपऱ्यातले माझे नाव कापलेले, त्या जागी शुल्क आणि संपर्क क्रमांक. विचारणा केली तर उत्तर आले, ‘सर, गूगलवरून घेतला.’ पहाटेच्या अंधारात गूगल गड कधी चढले, कोण जाणे! चित्र कुठे आहे एवढेच ते दाखवते, आणि मूळ पानाचा दुवाही सोबत देते. तिथे जाऊन दोन ओळींचा निरोप धाडला असता तर मी पैसेही मागितले नसते. विचारायचा कंटाळा असेल तर विकिमीडिया कॉमन्स या ऑनलाइन चित्रसंग्रहात मुक्त परवान्याची, म्हणजे अटी पाळून न विचारता वापरता येणारी, भरपूर चित्रे आहेत. बहुतेकांची मुख्य अट नाव आणि परवाना नमूद करण्याची असते.

– एक हौशी छायाचित्रकार, पुणे