घोरणं हसण्यावारी नेऊ नका

महोदय,

रविवारच्या पुरवणीतले घोरण्यावरचे घरगुती उपाय वाचले. नाकात तुपाचे दोन थेंब, उशी बदला, कुशीवर झोपा, आणि शेवटी ‘बायकोने कानात कापूस घालावा’ हा विनोद. मी कापूस घातला असता, तर यजमानांचा श्वास झोपेत थांबतो, म्हणजे त्यांना ‘स्लीप अ‍ॅप्निया’ आहे, हे कोणालाच कळलं नसतं.

त्यांचं घोरणं मध्येच बंद पडलं की मला जाग यायची. अंधारात आकडे मोजत पडायची. वीस, पंचवीस, तीस. मग गुदमरल्यासारखा मोठा आवाज आणि पुन्हा घोरणं सुरू. अशी सहा वर्षं गेली. तेवढ्या काळात रक्तदाबाच्या एका गोळीच्या तीन झाल्या, रोज सकाळी डोकं जड, रात्री तीनदा लघवीला उठणं, एकदा तर सिग्नलला स्कूटरवरच डुलकी लागली. डॉक्टर विचारायचे, झोप लागते का? हे सांगायचे, पडल्या पडल्या लागते. शेजारी झोपणाऱ्या मला कोणी काही विचारलं नाही. हा आजार जाड माणसांचाच असं वाटायचं आणि यांचं वजन 62 किलो, त्यामुळे शंकाही आली नाही. आत गेलेल्या हनुवटीनेही घसा अरुंद होतो, हे फार उशिरा कळलं.

शेवटी पुण्याला स्लीप स्टडी, म्हणजे झोपेची रात्रभराची तपासणी झाली. डोक्याला पेस्टने चिकटवलेल्या वायरी, नाकाशी नळी, छातीला आणि पोटाला पट्टे, बोटाला चिमटा. मी बाहेर तंत्रज्ञाशेजारी बसले होते. पडद्यावर हवेची रेघ सपाट झाली, पण छाती-पोटाच्या रेघा हलतच होत्या. तो म्हणाला, “बघा काकू, श्वास घ्यायची धडपड चालू आहे, घसा मिटलाय.” रक्तातला ऑक्सिजन 71 टक्क्यांपर्यंत घसरला होता. तासाला 52 वेळा हे घडत होतं; 30 च्या वर गेलं की आजार तीव्र धरतात. मध्यरात्रीनंतर सीपॅपचा (दाबाने हवा देऊन घसा उघडा ठेवणाऱ्या मशीनचा) मास्क लावून हवेचा दाब हळूहळू वाढवला. खोली इतकी शांत झाली की घाबरून मी दोनदा काचेतून डोकावले. छाती एकसारखी वरखाली होत होती.

त्याच लेखात ‘झोप येत नसेल तर हलकी गोळी घ्या’ असंही छापलंय. दारूने आणि कित्येक झोपेच्या गोळ्यांनी अशा माणसाचा घसा आणखी सैल पडतो. फेब्रुवारी 2022 मध्ये संगीतकार बप्पी लाहिरी गेले, तेव्हा त्यांच्या डॉक्टरांनी याच आजाराचं नाव घेतलं होतं. दोन दिवस सगळीकडे चर्चा झाली, मग सगळे विसरले.

विम्याबद्दलही एकदा लिहा. ‘केवळ तपासणीसाठी दाखल’ म्हणून आमचा दावा फेटाळला, मशीनचेही पैसे नाकारले. झोपेतला आजार रुग्णालयात रात्र काढल्याशिवाय आम्ही कसा सिद्ध करायचा होता?

येत्या रविवारी स्लीप स्टडीची माहिती त्याच पानावर, तेवढ्याच मोठ्या अक्षरांत छापावी, ही विनंती.

— एक वाचक, सातारा