स्लिपर घालशील ती कुठे काढायची ते बघ

चिऊ,

रविवारी तिकडे जपानमध्ये, कानाझावातल्या तुझ्या घरमालकीणबाईंकडे जेवायला जाणारेस ना, त्याआधी हे वाच, फोनवर तू पूर्ण ऐकून घेत नाहीस म्हणून लिहितेय. चपला काढण्यात काय शिकायचंय, आपण पण काढतोच की, असं म्हणालीस. बरोबर आहे, पण आपल्याकडे चपला काढल्या की विषय संपला, मग अनवाणी स्वयंपाकघरात जा नाहीतर गच्चीवर जा. तिकडे चपला काढल्यावर खरी सुरुवात होते.

दार उघडलं की आत एक खालची जागा असते, गेनकान. नव्या फ्लॅटमध्ये जेमतेम चार बोटं खाली, जुन्या लाकडी घरात चांगलीच खोल. ती घरात असली तरी बाहेरचीच धरतात. त्यामुळे बूट काढलेला पाय परत त्या लादीवर टेकवायचा नाही, सरळ वर ठेवायचा. आपली माणसं दोन्ही बूट काढून सॉक्सवर तिथेच उभी राहतात, पिशवी सावरतात, फोन बघतात आणि मग वर चढतात, म्हणजे बाहेरची धूळ सॉक्सला लावून आत नेलीच की! वर गेल्यावर खाली बसून बूट दाराकडे तोंड करून कडेला ठेव, आणि बसताना घरमालकीणबाईंकडे सरळ पाठ करू नकोस, जरा तिरकी बस. लेसचे बूट तर घालूच नकोस गं, निघताना तू लेस बांधेपर्यंत त्या बिचाऱ्या ताटकळत उभ्या राहतील.

वर तुझ्यासाठी स्लिपर मांडून ठेवलेली असेल. ती पॅसेजमध्ये, लाकडी जमिनीवर घालायची. तातामीची, म्हणजे जाड गवती चटयांची जमीन असलेली खोली आली की बाहेरच काढायची, तातामीवर स्लिपर अजिबात नाही. वर इगुसा गवताची विणलेली चटई आणि जुन्या पद्धतीच्या असतील तर आत दाबून भरलेला भाताचा पेंढा, त्यावर लोक बसतात, जेवतात, रात्री गादी घालून झोपतात, तिथे स्लिपर घासत कोण चालू देईल. कडेच्या कापडी पट्टीवरही पाय देऊ नकोस. आणि संडासात वेगळी स्लिपर असते, ती तिथेच सोडून यायची, हे विसरून तशीच बाहेर येणारे परदेशी पाहुणे तिकडे नेहमीच्या हसण्याचा विषय. आता बऱ्याच नव्या घरांत ही संडासाची स्लिपर ठेवत नाहीत, पण मला तरी ती पद्धत एकदम पटते. म्हणून सांगते, स्लिपरकडे नको, पायाखालच्या जमिनीकडे बघत जा, जमीन बदलली की काहीतरी काढायचं असतं.

गंमत म्हणजे ही स्लिपर काही फार जुनी नाही हं. तातामीच्या घरात तिचं कामच नव्हतं. मेजी काळात, म्हणजे १८६८ नंतर, परदेशी लोक आले, ते बूट काढायला तयार होईनात, तेव्हा टोकियोतल्या एका शिंप्याने बुटावरूनच घालायचं काहीतरी शिवून दिलं आणि त्यातून ही आली असं सांगतात. म्हणजे आपण जी जपानी रीत म्हणून एवढी सांभाळतो ती पाहुण्यांच्या हट्टापायी निघालेली!

योकोहामाला असताना दादाच्या शाळेत वेगळे पांढरे बूट असायचे, उवाबाकी, आत गेल्यावर घालायचे, शुक्रवारी घरी आणायचे आणि वीकेंडला घासायचं काम माझं. पालकसभेला जाताना आपली स्लिपर पर्समधून न्यावी लागायची, सगळ्या आयांकडे घडीची असायची. बाबांना मात्र दवाखान्यातल्या स्लिपर कधीच पुरल्या नाहीत, टाच कायम बाहेर लोंबकळत.

स्वच्छ सॉक्स घालून जा, भोकं बघून घे आधी. उन्हाळा असला तरी दुसऱ्याच्या घरी अनवाणी चालणं तिकडे बरं दिसत नाही, सँडल घालून गेलीस तर सॉक्स पर्समध्ये ठेव.

अजून एक, आणि हे जेवणापेक्षा महत्त्वाचं. रात्री पलंगाशेजारी जाड तळाची एक स्लिपर ठेवत जा. कोबेचा भूकंप १७ जानेवारी १९९५ ला पहाटे ५.४६ ला झाला, लोक झोपेत होते, अशा वेळी जमिनीवर काचाच काचा होतात आणि अंधारात अनवाणी उतरलं की पाय कापतात. तुझ्या इशिकावा प्रांतातच १ जानेवारी २०२४ ला नोतोचा एवढा मोठा भूकंप झाला, त्यामुळे कानाझावात काही होत नाही असं मला सांगू नकोस. स्लिपर पिशवीत घालून ठेव म्हणजे काचा तिच्यातच पडणार नाहीत.

चकल्यांचा डबा दारातच हातात कोंबू नकोस, खोलीत बसलात की पिशवीतून काढून दे. तिखट आहेत हे आधी सांग.

आई