पिकअपचा घुमणारा आवाज घालवणाऱ्यांचे आभार

सिन्नरहून नाशिकला टोमॅटो नेणारी आमची पिकअप 15 वर्षांची. काटा साठच्या आसपास गेला की केबिनमध्ये जणू पिठाची गिरणी सुरू. उतरल्यावरही तासभर कान भणभणायचे. दोन ठिकाणी दाखवली, दोन्हीकडे एकच उत्तर: सायलेन्सर नवा टाका.

शिंदे टोलनाक्याच्या अलीकडे चहाला थांबलो होतो. एका ट्रकवाल्या काकांनी, कुणी न सांगता, खाली वाकून पाहिलं. "अहो, लटकवायचं रबर तुटलंय, सायलेन्सरचा पाइप चासीला, म्हणजे गाडीच्या सांगाड्याला, टेकतोय." म्हणजे निम्मी घरघर पाइपातून चासीत आणि तिथून थेट आमच्या सीटखाली!

त्यांनीच ज्यांच्याकडे पाठवलं त्या वेल्डिंगवाल्या दादांनी आधी सायलेन्सरवर रबरी हातोडी मारून पाहिली. आत काही खडखडलं नाही, तेव्हा आतले आवाज अडवणारे पडदे शाबूत. गाडी गार होऊ दिली, मग सुरू करून मागचं तोंड ओल्या चिंधीने जरासं दाबलं आणि जोडांवर साबणाचं पाणी मारलं. पुढच्या फ्लँजला, म्हणजे पाइपाच्या बोल्टच्या जोडाला, बुडबुडे! त्यातलं गॅसकेट, म्हणजे जोड गळू न देणारी चकती, जळलं होतं. दोन रबरं, एक गॅसकेट, मजुरी 200. जास्त देऊ केले तर रागावले.

तोवर आमचे क्रेट सावलीत ओढून ठेवणाऱ्या चहावाल्या मावशी, तुमचेही आभार. गडबडीत कुणाचंच नाव विचारलं नाही, हे चुकलंच.

काल पहाटे बायको शेजारी बसून फोनवर बोलली, हळू आवाजात. काय बोलली तेही ऐकू आलं, ते मात्र तिला आवडलं नाही.