धाडस कशात मोजायचे?

मा. संपादक,
सप्रेम नमस्कार.

रविवारच्या पुरवणीत एका अभिनेत्रीच्या नव्या भूमिकेवरचा लेख वाचला. मथळ्यात ‘बोल्ड’, पहिल्या परिच्छेदात ‘बोल्ड’, फोटोखाली पुन्हा ‘बोल्ड’. सगळा रोख तिच्या कपड्यांवर. रंगमंचावर तिने नेमके काय केले, ते लेख संपला तरी कळले नाही. वाईट वाटले, म्हणून लिहिते आहे.

ज्या गोष्टींच्या जोरावर नट उभा असतो, त्याच बाजूला ठेवायला तो तयार होतो तेव्हा खरी जोखीम सुरू होते. नाटककार सॅम्युएल बेकेटच्या ‘नॉट आय’ या नाटिकेत अभिनेत्री बिली व्हाइटलॉने १९७३ मध्ये लंडनच्या रॉयल कोर्ट नाट्यगृहात हेच केले. सगळीकडे काळोख आणि प्रकाश फक्त तिच्या तोंडावर. ओठ, दात, जीभ. बाकी बाई दिसतच नाही. डोके हलू नये म्हणून जखडलेले, आणि शब्द इतक्या वेगाने की श्वासाला जागा नाही. आपण कुठे आहोत याचेच भान सुटल्याने तालमीत तिचा धीर खचला होता. तरी ती पुन्हा त्या काळोखात जाऊन बसली. पुढे या नाटिकेचे चित्रीकरण झाले, ते मी पाहिले आहे. थोड्या वेळाने ते तोंड माणसाचे वाटेनासे होते, कोंडलेले जनावर धडपडावे तसे दिसू लागते.

अभिनेत्री टिल्डा स्विंटन १९९५ मध्ये लंडनच्या सर्पेंटाइन गॅलरीत काचेच्या पेटीत सात दिवस, रोज आठ तास झोपून राहिली. संवाद नाही, भूमिका नाही. यात कसला अभिनय, असे कुणी विचारेल. चारचौघांच्या नजरेखाली डोळे मिटून पडून राहणे मला तरी जमणार नाही.

आणि आपली चंपा! ती ज्या नाटकातली, त्या १९७२ च्या ‘सखाराम बाइंडर’वर सेन्सॉरची बंदी आली, दिग्दर्शक कमलाकर सारंग कोर्टात लढले आणि जिंकले. त्या गदारोळात चर्चा झाली ती शिव्यांची आणि साडीची. दारू पिणारी, नवऱ्याला तुडवणारी ही बाई प्रेक्षकांना आवडावी अशी कुठलीच सोय त्या भूमिकेत नव्हती, आणि लालन सारंग ती घेऊन उभ्या राहिल्या. याबद्दल किती कमी बोलले गेले!

असे प्रयोग फसतातही. फसले तर खुशाल तसे लिहा, पण कुठे फसले तेही सांगा.

परवा एका छोट्या प्रयोगात एक तरुण नट वीस मिनिटे आमच्याकडे पाठ करून बसला होता. मागे कुजबुज सुरू झाली, दोघे उठून गेले. मग मुलाचे नाव घेताना त्याचा उजवा खांदा किंचित वर चढला आणि तिथेच अडकून राहिला. सभागृह एकदम गप्प. परीक्षणात छापून आले, ‘वेगळा, पण संथ’. त्या खांद्याबद्दल एक ओळ हवी होती.

आपली,
एक नाट्यप्रेमी वाचक