ज्या प्रश्नांची उत्तरे पुस्तकाच्या शेवटी नसतात

मा. संपादक यांस,
स. न. वि. वि.

शाळेतील विज्ञान शिक्षण सुधारावे म्हणून सुसज्ज प्रयोगशाळा, संगणक आणि डिजिटल फळे यांची मागणी नेहमी होते आणि ती रास्तच आहे. मात्र या चर्चेत शाळेच्या खोल्यांबाहेरच्या जागेचा, म्हणजे मैदानाचा, आवारातल्या झाडांचा, भिंतीच्या कडेच्या गवताचा आणि वरच्या आकाशाचा उल्लेख क्वचितच येतो. मुलांनी आठवड्यातून निदान एक तास या जागेत स्वतःच्या हातांनी मोजमाप करत, नोंदी ठेवत विज्ञान शिकले पाहिजे, असे माझे अनेक वर्षांच्या अध्यापनानंतर ठाम मत झाले आहे. मोकळ्या हवेत मुले ताजीतवानी होतात हे खरेच आहे, पण माझ्या आग्रहाचे मुख्य कारण निराळे आहे आणि ते सांगण्यासाठी मला माझ्या हातून घडलेली एक चूक सांगावी लागेल.

नोकरीच्या सुरुवातीच्या काळात मी एका वर्गाकडून पाण्याचा उत्कलनांक काढण्याचा प्रयोग करून घेतला. वह्या तपासताना जवळजवळ सर्वांनी १०० अंश सेल्सिअस असे लिहिलेले आढळले. एका विद्यार्थिनीने मात्र ९८ लिहिले होते. मी लाल शाईने तो आकडा खोडून त्यावर १०० लिहिले आणि एक गुण कापला. पुढे बऱ्याच दिवसांनी लक्षात आले की आमची शाळा समुद्रसपाटीपासून बऱ्यापैकी उंचावर होती, आणि दर ३०० मीटर उंचीमागे पाण्याचा उत्कलनांक साधारण एक अंशाने खाली येतो. शिवाय आमच्या तापमाप्याही काही फार अचूक नव्हत्या. म्हणजे त्या वर्गात तापमापीकडे खरोखर पाहून लिहिणारी बहुधा ती एकटीच होती, आणि शिक्षा तिलाच झाली. बाकीच्यांनी पुस्तकात जे छापले होते ते वहीत उतरवले आणि पूर्ण गुण मिळवले. त्या मुलांना मी दोष देत नाही. उत्तर आधीच ठाऊक असलेल्या प्रयोगात डोळ्यांपेक्षा पुस्तकावर विश्वास ठेवणे शहाणपणाचे असते, हे आम्हीच त्यांना शिकवले होते.

वर्गाबाहेर पडल्यावर ही पळवाट आपोआप बंद होते. आज सकाळी दहा वाजता आपल्या मैदानातल्या काठीची सावली किती सेंटिमीटर लांब होती, याचे उत्तर कोणत्याही पुस्तकात, मार्गदर्शकात किंवा मोबाइलमध्ये तयार सापडत नाही. ते मोजावेच लागते. शेजारच्या गटाचा आकडा वेगळा आला, तर कोणाचा बरोबर हे शिक्षकालाही बसल्या जागी सांगता येत नाही. पुन्हा मोजणे, हा एकच मार्ग उरतो.

सावलीच्याच उदाहरणावर थोडे थांबते, कारण एका मीटरच्या सरळ काठीतून किती विज्ञान निघते याचा अनुभव मी वर्षानुवर्षे घेतला आहे. मुलांना सावली दर पंधरा मिनिटांनी मोजायला सांगितली की त्यांची पहिली अपेक्षा असते ती घड्याळात बारा वाजता सावली सर्वांत लहान होण्याची, आणि काहींची तर ती नाहीशी होण्याची. बहुतेक दिवशी यांपैकी काहीच घडत नाही. सूर्य बरोबर डोक्यावर येण्याची घटना फक्त कर्कवृत्त आणि मकरवृत्त यांच्या दरम्यान घडते, तीही वर्षातून दोनच दिवस; प्रत्यक्ष त्या दोन वृत्तांवर एकदाच आणि त्यांच्या पलीकडे कधीच नाही. सर्वांत लहान सावलीची वेळही बाराच्या अलीकडे-पलीकडे सरकते, कारण घड्याळ एका ठरावीक रेखावृत्ताची वेळ दाखवते आणि आपण त्यापासून जितके अंश दूर असू तितकी प्रत्येक अंशाला चार मिनिटे अशी तफावत पडते. यात पृथ्वीच्या लंबवर्तुळाकार कक्षेमुळे आणि कललेल्या अक्षामुळे आणखी भर पडते, आणि सूर्य नोव्हेंबरच्या सुरुवातीला सरासरी वेळेच्या सुमारे सोळा मिनिटे पुढे, तर फेब्रुवारीच्या मध्यावर सुमारे चौदा मिनिटे मागे असतो. यातले काहीही मी आधी सांगत नसे. महिनाभराच्या नोंदी समोर पसरल्यावर मुलेच विचारत, ‘बाई, सूर्य वेळ का पाळत नाही?’ हा प्रश्न मुलाच्या तोंडून आल्यानंतर पृथ्वीची कक्षा शिकवणे आणि आधी कक्षा शिकवून मग त्यावर प्रश्न विचारणे, यांतला फरक ज्या शिक्षकाने एकदा अनुभवला आहे, तो पुन्हा जुन्या पद्धतीकडे सहज वळत नाही.

त्यातच मुलांना आणखी एक अडचण येते. मध्यान्हीच्या आसपास सावलीची लांबी इतकी हळू बदलते की दहा-बारा मिनिटे ती सारखीच भासते आणि नेमका सर्वांत लहान क्षण हाती लागत नाही. आपल्या प्राचीन ज्योतिर्विदांनी शंकू, म्हणजे सावली मोजण्यासाठी उभी रोवलेली काठी, वापरताना यावर काढलेला तोडगा मुलांना दाखवण्यासारखा आहे: काठीभोवती एक वर्तुळ आखायचे, सकाळी सावलीचे टोक त्या वर्तुळाला जिथे स्पर्श करील तिथे एक खूण करायची, दुपारनंतर ते पुन्हा स्पर्श करील तिथे दुसरी, आणि दोन खुणांच्या मधोमध काठीपासून रेषा काढली की उत्तर-दक्षिण दिशा मिळते. होकायंत्राची सुई या रेषेशी तंतोतंत जुळत नाही असे बऱ्याच ठिकाणी आढळते, आणि तिथून चुंबकीय उत्तर व खरे उत्तर यांच्या चर्चेला सुरुवात होते. इसवी सनापूर्वी तिसऱ्या शतकात एराटोस्थेनिस या ग्रीक विद्वानाने इजिप्तमधल्या सायीन आणि अलेक्झांड्रिया या दोन गावांतल्या मध्यान्हीच्या सूर्यकिरणांच्या कोनांमधला फरक वर्तुळाच्या पन्नासाव्या भागाइतका, म्हणजे ७.२ अंश, धरला आणि त्यावरून व दोन गावांमधल्या अंतरावरून पृथ्वीचा परीघ काढला. स्वतः सावली मोजलेल्या मुलाला ही गोष्ट ऐकवली की त्याला ती दंतकथा वाटत नाही. आपणही हे करू शकलो असतो, असे त्याला वाटते.

सजीवांच्या अभ्यासात तर वर्गाबाहेर जाण्याला पर्यायच नाही. दोरीने एक मीटर बाजूचा चौरस गवतावर आखून त्यात वनस्पतींचे किती प्रकार आहेत हे मोजायला सांगितले, तर दोन गटांचे आकडे सहसा जुळत नाहीत. मग वाद होतो, एकाच झाडाची कोवळी आणि जून पाने दोन निराळ्या वनस्पती म्हणून मोजली गेल्याचे उघड होते आणि वर्गीकरण कशासाठी करायचे असते हे मुलांना कोणी न सांगता समजते. मुंग्यांच्या रांगेखाली कागद सरकवून, साखरेच्या पाण्याच्या थेंबापर्यंत त्यांची ये-जा स्थिरावली की कागद काटकोनात फिरवायचा, असा एक प्रयोग आम्ही करत असू. बऱ्याच मुंग्या कागदावरच्या जुन्याच वाटेने चालत भलतीकडे जात. मुंग्या वासाचा माग ठेवतात, हे वाक्य पाठ केलेल्या मुलांनाही हे पाहताना जे आश्चर्य वाटे, त्यावरून मला कळले की पाठ केलेले वाक्य त्यांच्यापर्यंत तोवर पोहोचलेलेच नव्हते.

पाऊस मोजणे, बाटलीत माती आणि पाणी हलवून वाळू, गाळ आणि चिकणमाती वेगवेगळ्या वेगाने कशी खाली बसते ते पाहणे, पानांनी भरलेल्या फांदीला प्लॅस्टिकची पिशवी बांधून तासा-दोन तासांत आत जमलेले थेंब दाखवणे, हे सर्व फारशा साहित्याविना होते. एक मिलिमीटर पाऊस म्हणजे एका चौरस मीटरवर एक लिटर पाणी, हे गणित कळल्यावर शाळेच्या छतावर एका सरीत किती पाणी पडले हे मुले आपणहून काढतात, आणि तो आकडा पाहून कितीतरी वेळ गप्प होतात.

एकच झाड वर्षभर दर आठवड्याला पाहण्याचे महत्त्व मात्र वेगळे सांगायला हवे. पानगळ कधी सुरू झाली, पहिली कळी कोणत्या तारखेला दिसली, फुलावर कोणते कीटक आले, एवढीच नोंद ठेवायची असते. जपानमधील क्योतो येथे चेरीच्या बहराच्या तारखांच्या नोंदी नवव्या शतकापासून उपलब्ध आहेत. त्या लिहिणाऱ्यांना हवामानशास्त्र हा शब्दही माहीत नव्हता, पण आज हवामान बदलाचा अभ्यास करणारे वैज्ञानिक त्याच नोंदींकडे वळतात. २०२१ मध्ये पूर्ण बहर २६ मार्चला आला आणि तोवरच्या बाराशेहून अधिक वर्षांच्या नोंदींत तो सर्वांत लवकर ठरला. शाळेने आपल्या एका झाडाची वही दरवर्षी पुढच्या वर्गाकडे सोपवली, तर दहा-पंधरा वर्षांत तिच्याजवळ असे काही जमा होईल जे विकत मिळणार नाही.

आरोग्याचा मुद्दा मी मुख्य मानत नसले तरी तो टाळता येणार नाही. चीनमधील ग्वांगझो शहरातल्या १२ प्राथमिक शाळांत झालेल्या आणि २०१५ मध्ये प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात, सहा शाळांतील पहिलीच्या मुलांना रोज ४० मिनिटे अधिक वेळ बाहेर घालवायला लावले गेले. तीन वर्षांनंतर त्या शाळांत निकटदृष्टिता जडलेल्या मुलांचे प्रमाण ३०.४ टक्के, तर उरलेल्या शाळांत ३९.५ टक्के होते. बाहेरचा प्रकाश खोलीतल्या प्रकाशाच्या कित्येक पट तीव्र असतो आणि त्याचा दृष्टिपटलावर होणारा परिणाम यामागे असावा, असे मानले जाते. विज्ञानाचा तास बाहेर घेतल्याने हा लाभ होणार असेल, तर तो वेगळा वेळ न काढता मिळेल.

आता आक्षेपांविषयी. बाहेर मुले शिस्त मोडतात, अभ्यासक्रम मागे पडतो, पालक विचारतात की आज शिकवले काय, हे सर्व मी ऐकले आहे आणि त्यात तथ्यही आहे. मुलांना नुसते मैदानात सोडून दिले तर ती विज्ञान शिकत नाहीत. मार्गदर्शनाशिवायचे शोधशिक्षण नवशिक्या विद्यार्थ्याला फारसे फळत नाही, असा इशारा शिक्षणाच्या मानसशास्त्राचा अभ्यास करणाऱ्या संशोधकांनी २००६ मध्ये दिला होता आणि तो मला पूर्णपणे मान्य आहे. बाहेर जाण्यापूर्वी प्रश्न एकच आणि नेमका असावा, प्रत्येक गटाचे काम ठरलेले असावे, आणि परत आल्यावर निम्मा तास तरी नोंदींवर बोलण्यात जावा. ही शेवटची चर्चा गाळली तर तास सहलीसारखा होतो. पालकांच्या शंकेविषयी एक गोष्ट नमूद करते. हार्वर्ड विद्यापीठात भौतिकशास्त्राच्या विद्यार्थ्यांवर झालेल्या आणि २०१९ मध्ये प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात, स्वतः धडपडून शिकणाऱ्यांना आपण कमी शिकलो असे वाटले, पण चाचणीत त्यांचेच गुण ओघवते व्याख्यान ऐकणाऱ्यांपेक्षा अधिक होते. ते विद्यार्थी वयाने मोठे होते हे खरे. तरीही, शिकण्याचे कष्ट म्हणजे न शिकणे नव्हे, एवढे त्यातून पालकांनी ध्यानात घ्यावे.

सर्वांत मोठा अडथळा परीक्षेचा आहे. जोवर गुण पाठ केलेल्या उत्तराला मिळतात, तोवर शिक्षकाने बाहेर का जावे? मध्य प्रदेशातील होशंगाबाद जिल्ह्यात १९७२ मध्ये १६ माध्यमिक पूर्व शाळांतून सुरू झालेल्या विज्ञान शिक्षण कार्यक्रमाने हा प्रश्न ओळखला होता. तिथे सहावी ते आठवीची मुले प्रयोग करून आणि परिसरात फिरून शिकत, आणि परीक्षेत पुस्तक उघडून पाहण्याची मुभा व प्रत्यक्ष प्रयोगाची कसोटी, दोन्ही होते. तो कार्यक्रम पुढे शेकडो शाळांपर्यंत पोहोचला आणि २००२ मध्ये बंद करण्यात आला, याची मला आजही खंत वाटते. तीस वर्षे चाललेल्या कामाला अशक्य म्हणता येत नाही. निदान एवढे तरी आजच्या शाळांना करता येईल: विज्ञानाच्या अंतर्गत गुणांपैकी काही गुण निरीक्षणाच्या वहीला द्यावेत, आणि ते देताना आकडा पुस्तकाशी जुळतो का हे न पाहता तो कधी, कुठे, कशाने आणि किती वेळा मोजला हे लिहिले आहे का, एवढेच पाहावे. ज्या नोंदीत तफावत आहे आणि तिच्या कारणाचा विचारही आहे, तिला अधिक गुण असावेत. असा नियम माझ्यासमोर असता, तर मी त्या ९८ वर लाल रेघ ओढली नसती.

आपल्याकडेही एक विनंती आहे. वृत्तपत्रांत सूर्योदय आणि सूर्यास्ताच्या वेळा छापण्याची प्रथा आहे, पण अलीकडे ती चौकट कधी पान बदलते, तर कधी जाहिरातींमुळे गळून जाते. या दोन वेळांचा मध्य काढला की त्या दिवशीच्या सर्वांत लहान सावलीची वेळ जवळजवळ मिनिटापर्यंत मिळते, आणि काठी घेऊन मैदानात उभ्या असलेल्या मुलांना आपली नोंद ताडून पाहायला तिचा मोठा आधार होतो. ती चौकट रोज, एकाच जागी आणि न चुकता यावी, अशी व्यवस्था आपण कराल का?

आपली,
एक निवृत्त विज्ञान शिक्षिका