पसरत्या लालीची वेळ: आरोग्यमंत्र्यांना खुले पत्र

मा. आरोग्यमंत्री यांस,
सप्रेम नमस्कार.

मी नवजात बाळांवर शस्त्रक्रिया करतो. आपल्याकडे मागणं एकच आहे. बाळाच्या अंगावरची लाली तासागणिक पसरत असेल, तर थेट सर्जनला फोन करण्याचा अधिकार ड्यूटीवरच्या नर्सला लेखी द्या. वरिष्ठांची सही, रिपोर्ट, रेफरची चिठ्ठी हे सगळं मागाहून होऊ दे.

पहिल्या 28 दिवसांत बेंबीचा संसर्ग, छातीवरचं गळू, सुई टोचलेली जागा किंवा ऑपरेशनची जखम, यांतल्या कशातूनही जंतू कातडीखालच्या चरबीत आणि स्नायूंवरच्या आवरणात शिरू शकतात. याला नेक्रोटायझिंग फॅसायटिस म्हणतात. आजार विरळा, पण प्रसिद्ध झालेल्या नोंदी चाळल्या तर निम्म्याच्या आसपास बाळं दगावलेली दिसतात. विरळा असल्यामुळेच पहिल्यांदा बघणाऱ्याला ती साधी लाली वाटते. त्याला तरी काय बोल लावायचा? सुरुवातीला कातडी खरोखरच फसवते.

वरून थोडी लाल, थोडी ताठर, एवढंच. ताप असेलच असं नाही. कधी उलट अंग गार पडतं. बाळ दूध ओढेनासं होतं, मलूल पडतं, नाडी धावू लागते. जांभळट डाग, फोड आणि काळी पडलेली कातडी नंतर येते, आणि तिची वाट बघणं म्हणजे उशीर. छोटा छेद घेतला की आत राखाडी चरबी दिसते, तिच्यातून रक्त येत नाही, गढूळ पाणी झिरपतं आणि बोट थरांमधून विनाअडथळा सरकत जातं. वरची कातडी त्या वेळी बरीचशी शाबूत असते! मेलेल्या भागात रक्तच फिरत नाही, मग औषध तिथे पोचणार कसं? म्हणून व्हॅन्कोमायसिन, मेरोपेनेम, क्लिंडामायसिन यांसारखी अँटिबायोटिक्स शिरेतून तातडीने सुरू करायचीच, पण मेलेला भागही काढायचा आणि साधारण 24 तासांत जखम पुन्हा उघडून बघायची.

तपासण्यांवर फार भिस्त ठेवू नये, असं माझं स्पष्ट मत आहे. हा आजार ओळखायला 2004 मध्ये आलेला एलआरआयएनईसी स्कोअर मोठ्या माणसांच्या रक्ततपासण्यांवर बेतलेला आहे, नवजात बाळांसाठी नाही. एक्स-रेत कातडीखाली हवा दिसली नाही म्हणून आजार नाही असं होत नाही. त्यापेक्षा साधं पेन कामाचं. लालीच्या कडेने रेघ ओढायची, बाजूला वेळ लिहायची, दर तासाला बघायचं. लाली रेघेबाहेर गेली की फोन. बाळाला दुसरीकडे हलवायचं असेल, तर कल्चर (जंतू ओळखण्यासाठीचा नमुना) घेऊन अँटिबायोटिकचा पहिला डोस निघण्याआधीच द्यायचा. कल्चर जमलं नाही तरी डोस थांबवायचा नाही.

नाळेबद्दल जागतिक आरोग्य संघटनेचा सल्ला सरळ आहे: स्वच्छ आणि कोरडी ठेवा. नाळेला घातक पदार्थ लावण्याची सवय जिथे रुळलेली आहे, तिथेच पहिला आठवडा क्लोरहेक्सिडिन हे जंतुनाशक. प्रसूती विभागात हे बहुतेकांना ठाऊक असतं, त्यावर नवी मोहीम नको.

हवं आहे ते एक पानी परिपत्रक. त्यात रेघ, वेळ, पहिला डोस आणि सर्जनचा नंबर एवढं असलं तरी पुरे. फोन केला आणि शेवटी साधी लाली निघाली, तर नर्सला जाब विचारला जाणार नाही, हे वाक्य मात्र त्यात ठळक अक्षरांत हवं. नाहीतर अधिकार कागदावरच राहील. मसुदा करून द्यायला मी तयार आहे.

आपला,
एक बालशल्यचिकित्सक