आंतरव्यक्तिनिष्ठता म्हणजे बहुमत नव्हे

मा. संपादक, स. न.

आंतरव्यक्तिनिष्ठता (‘इंटरसब्जेक्टिव्हिटी’, जग इतरांसोबत सामायिक म्हणून अनुभवणे) म्हणजे चारचौघांचे एकमत, असा समज वैचारिक लेखांतून वारंवार डोकावतो, तो दुरुस्त व्हायला हवा. टेबलाची मला न दिसणारी बाजू पलीकडून कुणालाही दिसू शकते, हे गृहीत धरूनच मी ते पुरते टेबल म्हणून पाहतो. तत्त्वज्ञ एडमंड हुसेर्ल यांच्या विवेचनातील सामायिक जग असे प्रत्येक अनुभवातच गुंतलेले असते, तिथे मतदानाचा प्रश्नच येत नाही. समाजचिंतक आल्फ्रेड शुट्झ यांनी १९३२ मध्ये हा विचार समाजशास्त्रात आणला आणि पुढे (माझ्या मते अधिक शहाणपणाने) ‘दुसरा’ म्हणजे आपल्यासारखीच जाणीव असलेली व्यक्ती खरोखर आहे, हे सिद्ध करण्याच्या फंदात न पडता तिच्या असण्यालाच दैनंदिन व्यवहाराचा पाया मानले. जर्मन तत्त्वज्ञ युर्गेन हाबरमास यांना अभिप्रेत असलेली सहमतीसुद्धा कारणे देण्याघेण्यावर उभी राहते, हात वर करण्यावर नव्हे.

– एक वाचक